गरम रोडगे

आईला हॉटेलात न्यायची कल्पना माझ्या पत्नीची होती आणि तिला पहिला विरोध आईनेच केला. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावी तिने पन्नासहून अधिक वर्षे आधी चूल, मग स्टोव्ह आणि नंतर गॅस सांभाळला आहे. कोणाच्या घरी लग्नकार्याला गेली तरी मांडवात बसण्याऐवजी ती मागच्या अंगणात विळी पुढ्यात घेऊन भाजी चिरताना सापडते. "पैसे देऊन जेवाले जंगलात कायले जा लागते? घरी काय चूल पेटत नाही?" हा तिचा प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे धड उत्तर नव्हते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मुलांना जोडून सुट्टी होती, नागपुरातल्या माझ्या नोकरीत थकबाकीची रक्कम नुकतीच हाती पडली होती, आणि दोन दिवस तरी आईने स्वयंपाकघराचे तोंड पाहू नये एवढाच आमचा हेतू होता. तो हेतू कसा फसला, हे पुढे येईलच.

ताडोबा निवडले ते गावापासून जवळ म्हणून. गिरड ओलांडून चिमूरला आणि तिथून कोलारा प्रवेशद्वाराकडे जायला आम्हांला दोन तासांच्या आतबाहेर लागतात. बेत आखताना मी पहिली चूक अशी केली की आधी हॉटेले पाहत बसलो. एका ओळखीच्या जिप्सीचालकाने वेळीच सांगितले की आधी सफारीचा परवाना काढायचा आणि मग त्याच प्रवेशद्वाराजवळची खोली पाहायची. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला आहे आणि कोलारा चिमूरच्या बाजूला, त्यामुळे खोली एकीकडे आणि परवाना दुसरीकडे झाला तर कडाक्याच्या थंडीत अंधारातच बरेच अंतर कापावे लागते. शिवाय मंगळवारी जंगल बंद असते. आम्हांला रविवार आणि सोमवारची रात्र मिळत होती, म्हणजे सोमवारी सकाळी एक फेरी आणि मंगळवार पूर्ण रिकामा. पत्नीला हे गैरसोयीचे वाटले होते, पण सहलीतला सर्वांत चांगला दिवस नेमका तोच ठरला.

खोलीचा दर सांगतो, कारण असे लेख वाचताना मला स्वतःला तोच हवा असतो. तिन्ही वेळच्या जेवणासह एका खोलीचे एका रात्रीचे २१,००० रुपये. फोनवर एवढाच आकडा सांगतात. साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तो निराळा. दोन खोल्या आणि दोन रात्री धरून ९९,१२० रुपये झाले. आईला आम्ही हा आकडा अद्याप सांगितलेला नाही आणि सांगणारही नाही. फोनवरच मी दोन गोष्टी विचारून घेतल्या. आईच्या गुडघ्यांसाठी पायऱ्या नसलेली, भोजनगृहाजवळची खोली मिळेल का. आणि आपल्याकडचे जेवण मिळेल का. पहिल्याला होकार आला. दुसऱ्याला "सर, आमचे मल्टिकुझिन बुफे आहे, लोकल फूड सांगितल्यास करून देऊ" असे उत्तर आले, आणि त्यातल्या "सांगितल्यास" या शब्दाकडे मी पुरेसे लक्ष दिले नाही.

निघताना आईने दोन पिशव्या घेतल्या. एकीत तिचे कपडे होते. दुसरीत जवसाची चटणी, तिखट, वायगावच्या हळदीची पुडी आणि शेतातून आदल्या दिवशी तोडून आणलेल्या तुरीच्या ओल्या शेंगा, अंदाजे तीन किलो. वायगाव आमच्याच तालुक्यातले, तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. पण आईला त्या मानांकनाशी कर्तव्य नाही, तिला दुसऱ्या हळदीचा रंग पटत नाही एवढेच. हॉटेलात शेंगा कशाला, असे मुलीने विचारले तेव्हा ती म्हणाली, "बसल्या बसल्या सोलता येतीन." तुरीचे ओले दाणे म्हणजे आमच्याकडचे सोले, हिवाळ्यात ते घरात नाहीत असा दिवस जात नाही.

हॉटेलात पोहोचलो तेव्हा दारात पितळी ताटात दिवा आणि गरम, ओले रुमाल घेऊन एक तरुण उभा होता. आईने तो रुमाल घेतला, तोंड पुसले, घडी घालून परत ताटात ठेवला आणि त्याला "बस बापू" म्हणाली. आवळा आणि आले घातलेले गरम सरबत मात्र तिला मनापासून आवडले. तिने दुसरा पेला मागून घेतला, ही तिच्या स्वभावात न बसणारी गोष्ट होती.

खोली पाहून मला स्वतःला संकोच वाटला. सागवानी पलंग, मागच्या बाजूला लाकडी ओटा, त्यात छोटा पोहण्याचा हौद आणि पलीकडे मोह, तेंदू आणि बांबूची झाडी. न्हाणीघरातला टब आईने बाहेरूनच पाहिला आणि बादली मागवली. बादली पाच मिनिटांत आली, सोबत प्लास्टिकचा मग आणि लाकडी चौरंगही. अशा हॉटेलात लोक नेमके कशाचे पैसे देतात हे मला तेव्हा थोडे कळले: मागितलेल्या गोष्टीचे आश्चर्य कोणाच्याही चेहऱ्यावर दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली आवरायला आलेली मुलगी जवळच्याच गावची होती. तिने पाहिले तर चादरीच्या घड्या झालेल्या, उशा एकावर एक रचलेल्या, कपबशा धुऊन पालथ्या घातलेल्या. "आजी, तुम्हीच समदं केलं तं मी काय करू?" असे ती म्हणाली. आईने तिला बसवून घेतले आणि अर्धा तास त्या दोघींनी मिळून शेंगा सोलल्या.

आता जेवणाबद्दल. पहिल्या दुपारच्या बुफेत वीसेक पदार्थ होते आणि त्यांतले सगळे नीटच होते, तरी त्यांतला कोणता कुठे खाल्ला हे तिसऱ्या दिवशी आठवू नये असे ते नीट होते. आईने वरण-भात घेतला आणि वाढणाऱ्या मुलाला वरून थोडा सांबार मागितला. तो मुलगा अदबीने गेला आणि इडलीबरोबर असते ते सांबार वाटीभर घेऊन आला. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि बाहेरच्या माणसाची त्यावरून होणारी फजिती हा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाणारा विनोद आहे. पण तो प्रत्यक्ष घडताना मी प्रथमच पाहिला. आई त्याला काही बोलली नाही. तिने ते सांबार भातावर घेतले, चाखले आणि "चिंच जास्त झाली" असा निकाल दिला.

रात्री मात्र मला राग आला. बुफेच्या एका भांड्यापुढे "सावजी" अशी पाटी होती. सावजी रस्सा हा नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या घरांतला. हातमागावर दिवसभर बसणाऱ्या माणसांचे ते जेवण. जवसाचे तेल, भाजून काळपट केलेला कांदा आणि सुके खोबरे, खसखस, दगडफूल, मसाला वेलदोडा, जायपत्री यांचे वाटण आणि वर हाताच्या बोटाएवढी उभी राहणारी तर्री. भांड्यात होती ती टोमॅटो आणि काजूची नारिंगी, गोडसर ग्रेव्ही, आणि तिच्यावर मलईची नक्षी काढली होती. दुसऱ्या राज्यातून आलेल्या पाहुण्याला तिखट सोसत नाही, हे मला मान्य आहे. मग त्या भांड्याला दुसरे काहीही नाव द्यावे. माझ्या शेजारच्या टेबलावरचे कुटुंब "सावजी तर अजिबात तिखट नसते" असे एकमेकांना सांगत जेवत होते आणि हा गैरसमज घेऊन ते आपल्या गावी परतणार होते.

मी तक्रार करायला उठलो, पण पत्नीने हाताला धरून बसवले. तिचे म्हणणे असे की तक्रार लिहून देण्यापेक्षा मुख्य आचाऱ्याशी बोलावे. तो गृहस्थ गढवालकडचा, चाळिशीचा, बोलायला मोकळा. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की त्याला ही पाककृती दुसऱ्या हॉटेलातून मिळाली आहे, खरा सावजी रस्सा त्याने कधी खाल्लेला नाही, आणि स्वयंपाकघरात स्थानिक माणसे आहेत ती भांडी घासायला आणि भाजी निवडायला. त्या शेवटच्या वाक्यावर तो स्वतःच थोडा थांबला.

सोमवारची जंगलफेरी थोडक्यात सांगतो. पहाटे निघताना हॉटेलाने प्रत्येकाला घोंगडीसारखे जाड पांघरूण आणि गरम पाण्याची पिशवी दिली, तिच्याशिवाय उघड्या जिप्सीत आईचे हाल झाले असते. ओळखपत्र मूळ लागते, मोबाईल आत नेता येत नाही. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, पुढे अंधारी अभयारण्यासह १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला; वाटाड्याने हे सांगितले आणि तळ्याकाठच्या तारू या आदिवासींच्या देवावरून ताडोबा हे नाव पडल्याचेही सांगितले. रानगवे दिसले, रानकुत्र्यांची टोळी दिसली, वाघाचे ठसे दिसले आणि वाघ दिसला नाही. मुले हिरमुसली. आईने मात्र वाटेत मोहाची किती झाडे आहेत ते मोजले आणि वाटाड्याला मोह कधी पडतो, कोण वेचते, काय भाव मिळतो हे इतके बारकाईने विचारले की तो शेवटी वाघ सोडून तिच्याशीच बोलत राहिला.

परत आल्यावर ती ओट्यावर, हौदात पाय न सोडता, भिंतीला टेकून बसली आणि उरलेल्या शेंगा सोलू लागली. हॉटेलाने मासिके ठेवण्यासाठी दिलेल्या वेताच्या टोपलीत टरफले आणि फळांच्या काचेच्या वाडग्यात हिरवे सोले. आचारी पाहुण्यांची विचारपूस करत फिरत होता, तो तिथे थबकला आणि हे मटार आहेत का असे त्याने विचारले. आईने चार दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. तिचे हिंदी आणि त्याचे मराठी यांतून जे संभाषण झाले त्याचा परिणाम असा की संध्याकाळी तो वाडगा स्वयंपाकघरात गेला, मागोमाग आईही गेली, आणि दोन दिवस स्वयंपाकघराचे तोंड न पाहण्याचा आमचा बेत तिथेच संपला.

त्या रात्री सोलेभात झाला. सोले तेलावर कांदा-लसणाबरोबर परतून, त्यात वांग्याच्या फोडी आणि तांदूळ घालून, हळद वायगावची. आईने स्वतः कढईला हात लावला नाही; ती स्टुलावर बसून "आता, आता नको, थांब" एवढेच म्हणत होती, आणि तो माणूस पंचवीस जणांचे स्वयंपाकघर चालवत असूनही मुकाट्याने ऐकत होता. बुफेत सोलेभाताचे भांडे पाऊण तासात रिकामे झाले. सावजीच्या पाटीची जागा त्या रात्री मोकळी होती.

निघण्यापूर्वी आचाऱ्याने विचारले की उद्या मंगळवार, बहुतेक पाहुणे सकाळीच जातील, माताजी आणखी काही शिकवतील का. आई काही म्हणण्याआधी भांड्यांच्या मोरीपाशी उभी असलेली मावशी म्हणाली, "रोडगे करा नं बाई." तिला या स्वयंपाकघरात तीन वर्षे झाली होती आणि तिने सुचवलेला हा पहिला पदार्थ असावा.

रोडग्यांना गोवऱ्या लागतात. लाकडाचा विस्तव धगधगतो, कोळशाचा एका जागी तापतो. गोवरीचा निखारा मंद आणि सगळीकडून सारखा असतो, आणि रोडगा आतपर्यंत शिजायला तोच हवा. हॉटेलात ट्रफलचे तेल होते, गोवऱ्या नव्हत्या. मावशीचा मुलगा सकाळी सायकलवर पोते बांधून घेऊन आला. दुसरी अडचण पिठाची. रोडग्याचे पीठ जाडसर दळायचे असते आणि इथे सगळी कणीक मैद्यासारखी बारीक. आईने तीन वाट्या कणकेला एक वाटी रवा मिसळला, मीठ, ओवा आणि कडकडीत तेलाचे मोहन घातले आणि पीठ इतके घट्ट भिजवले की आचाऱ्याच्या मदतनिसाला ते मळताना घाम फुटला. मग एकेक गोळा पोळीएवढा लाटायचा, तेल लावून दुमडायचा, पुन्हा तेल, पुन्हा दुमड, आणि शेवटी कडा आत वळवून मुठीएवढा गोल करायचा. आतल्या त्या पदरांमुळेच रोडगा फोडल्यावर ठिसूळ सुटतो.

स्वयंपाकघरामागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्या रचून पेटवल्या. धूर असेपर्यंत काही करायचे नाही. धूर सरला, वरची राख पांढरी झाली आणि आत लाल दिसू लागले की काडीने निखारे पसरायचे, रोडगे त्यांत ठेवायचे आणि वरून गरम राख ओढून घ्यायची. आई दर थोड्या वेळाने चिमट्याने एक रोडगा बाहेर काढून त्यावर टिचकी मारत होती. बद्द आवाज आला की परत राखेत. खणखणीत आला की झाला. पंधरा-वीस मिनिटांनी पहिला रोडगा निघाला, तो तिने जाड फडक्यात धरून झटकला, राख उडाली, आणि मुठीने दाबल्याबरोबर तडा जाऊन वाफ बाहेर आली. त्यात तुपाची धार सोडली. तिकडे मावशीने काटेरी वांग्यांची पातळ, तिखट भाजी आणि तुरीचे घट्ट वरण केले होते. भाजीत आचाऱ्याने काहीही मिसळले नाही, अगदी मलईसुद्धा नाही.

आई सवयीने वाढायला उठली. आचाऱ्याने तिला हात जोडून बसवले, झाडाखाली टेबल मांडले होते त्याच्या मधल्या खुर्चीवर, आणि पहिला फोडलेला रोडगा तिच्या ताटात वाढला. तिने घास घेतला आणि काही वेळ कोणाशी बोललीच नाही. मग मुलीने आवडला का म्हणून विचारल्यावर तिने जे सांगितले ते मी यापूर्वी कधी ऐकले नव्हते. आमच्याकडे रोडगे होतात शेतात किंवा मारोतीच्या पारावर, आणि विस्तवाशी बसतात ती पुरुष मंडळी. बायकांनी घरून पीठ मळून आणि भाजी करून द्यायची. पंगत तिकडेच उठायची आणि संध्याकाळी धोतराच्या फडक्यात बांधून उरलेले रोडगे घरी यायचे. गार झालेला रोडगा दगडासारखा होतो. तो वरणात कुस्करून बायका जेवायच्या. "मले वाटे, रोडगा असाच रायते," आई म्हणाली. विस्तवावरचे कसब तिने वडिलांना आणि काकांना पाराच्या अलीकडून पाहून पाहून शिकले होते. गरम रोडगा ती वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा खात होती.

वडिलांच्या वेळच्या अशा कितीतरी पंगतींत मी स्वतः पारावर बसून जेवलो आहे आणि फडक्यात बांधलेले रोडगे सायकलला अडकवून घरी आणून दिले आहेत. म्हणून त्या टेबलावर मला काही बोलता आले नाही. मावशीला मात्र यात नवे काही नव्हते. "आमच्यातही तसंच," ती म्हणाली, आणि आईने शेजारची खुर्ची ओढून तिलाही बसवले. हॉटेलच्या नियमांत ते बसत नव्हते हे व्यवस्थापकाच्या चेहऱ्यावरून दिसले. पण मंगळवार होता, पाहुणे नव्हते, आणि त्याच्याही हातात रोडगा होता.

खोली सकाळी अकराला सोडायची असते. त्यांनी एक खोली तीनपर्यंत राहू दिली. बिलात त्या दुपारच्या जेवणाचे पैसे लावलेले नव्हते. आचाऱ्याने मोहन, रवा आणि गोवऱ्यांचा सगळा तपशील वहीत लिहून घेतला होता आणि टिचकीच्या आवाजापुढे त्याने दोनदा रेघ मारली होती. ही थाळी पुढे सुरू झाली का, ते पाहायला मला परत जाता आलेले नाही.

उरलेले सहा रोडगे त्यांनी जाड रुमालात बांधून दिले. ते काकूसाठी होते, माझ्या आईची धाकटी जाऊ. गिरडपर्यंत मुले झोपली. घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि काकू ओसरीवर वाट पाहत बसली होती. मी गाठोडे तिच्या हाती द्यायला गेलो, तर आईने ते माझ्या हातून काढून घेतले, लुगड्याचा पदर खोचला, गॅस पेटवला, तव्यावर रोडगे मंद आंचेवर सगळ्या बाजूंनी फिरवत पुन्हा गरम केले, फोडून तूप घातले, आणि मगच ताट काकूसमोर ठेवले.